चित्र दाखवा, गोष्ट सांगा, मग लेकराला विचारा

(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



मला विषय दिलाय लेकरांवर संस्काराचा. संस्कार म्हटलं की आपण लगेच उपदेश सुरू करतो. खोटं बोलू नये, चोरी करू नये, आईबापाचं ऐकावं. लेकरं मान हलवतात आणि प्रसाद घेऊन पळतात. माझं शिक्षण चौथी. शास्त्र सांगायला इथं मोठे महाराज बसलेत. मी आपला देवळात हरिपाठानंतर लेकरं गोळा करतो, त्यांना चित्रं दाखवतो आणि गोष्टी सांगतो. तेवढंच तुमच्यापुढं ठेवणार आहे.

आता कुणी म्हणंल, महाराज, आपला संप्रदाय नामाचा. त्यात ही चित्रं आणि चिऊकाऊच्या गोष्टी कुठून आणल्या? प्रश्न बरोबर आहे. मग आधी मला एक सांगा. पंढरीला गेल्यावर आपण काय बघतो? विटेवर उभा, कमरेवर हात. दुसऱ्या कुठल्या देवाला विटेवर उभं बघितलंय का? लहान लेकरू पहिल्यांदा दर्शनाला गेलं की विचारतं, "देव विटेवर का उभा हाय?" झालं! त्या प्रश्नातून पुंडलिकाची गोष्ट सुरू होते. म्हणजे वारकऱ्याची पहिली चित्रकथा खुद्द पांडुरंगच आहे. चित्र बघून लेकरानं विचारावं आणि मोठ्यानं गोष्ट सांगावी, ही रीत मी काढलेली नाही. ती त्या विटेइतकी जुनी आहे.

आपल्या मुलखात तर ही रीत दगडात कोरलेली आहे. लातूरच्या वाटेवर खरोशाच्या लेण्या आहेत. सहाव्या शतकातल्या. नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावण आहे. त्या काळी अक्षर किती जणांना येत होतं? पण लेण्यात उभं राहून बापानं बोट दाखवलं की पोराला नरसिंह कळत होता. आपल्या निलंग्याच्या नीलकंठेश्वराच्या भिंतीही तशाच आहेत. दर्शनाला जाता, प्रदक्षिणा घालता. एकदा लेकराचं बोट धरून सावकाश प्रदक्षिणा घाला. ते काय काय विचारतं ते बघा.

शिवेपलीकडं कर्नाटकात बसवकल्याण. ती चालुक्य राजांची राजधानी. बाराव्या शतकात तिथल्या सोमेश्वर राजानं ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ केला. त्यात चित्र दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे, असं मी जाणत्या लोकांकडून ऐकलं. म्हणजे आपल्या शेजारच्या गावाच्या राजाला आठ-नऊशे वर्षांपूर्वी हा धंदा माहीत होता.

ही कला करणारे ते चित्रकथी. पैठण ही आपल्या नाथमहाराजांची भूमी. तिच्या नावानं ओळखली जाणारी कथेची जुनी चित्रं पुण्यात राजा केळकर संग्रहालयात जपून ठेवली आहेत. कोकणात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथले ठाकर लोक आजही चित्रकथा सांगतात. सावंतवाडीच्या संस्थानानं त्यांना आश्रय दिला होता. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांनी घराजवळ गोठ्यातच संग्रहालय केलं, आणि कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या, चित्रांच्या पोथ्या जपल्या.

त्यांची पोथी कशी असते ते ऐका. आपल्या पोथीत अक्षर असतं. त्यांच्या पोथीत नुसती चित्रं. कागद सुटे. एका प्रसंगाचं एक चित्र. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. सांगणारा एक चित्र समोर धरतो, साथीला वाद्य असतं, तेवढा प्रसंग गाऊन सांगतो आणि मग पान पालटतो. रामायण, महाभारत असंच चालतं. समोरच्याची नजर एका चित्रावर थांबलेली असते. ही थांबलेली नजर ध्यानात ठेवा, मी पुढं त्यावर बोलणार आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सरकारच्या कागदावर चित्रकथी ही भटकी जमात आहे. ज्यांनी दारोदार जाऊन लोकांना राम आणि हरिश्चंद्र दाखवला, त्यांना समाजानं सूपभर दाणे दिले आणि पुढच्या दाराला लावलं. नाथमहाराजांनी भारुडात वासुदेव, जोशी, गोंधळी अशा दारावर येणाऱ्यांना मान दिला. आपण नाथांचं भारूड म्हणतो, तर तो मान आपल्यालाही द्यायला पाहिजे.

आता माझ्या देवळातली गोष्ट सांगतो.

चिऊकाऊची गोष्ट कुणाला येत नाही? काऊचं घर शेणाचं होतं, चिऊचं मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. काऊ भिजत चिऊच्या दारात आला. चिऊ आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते. थांब, बाळाला तीट लावते. थांब, बाळाला झोपवते. आपण सगळे ह्याच गोष्टीवर जेवलो. एक घास चिऊचा, एक घास काऊचा.

कालनिर्णयच्या जुन्या कागदाच्या पाठीवर गावातल्या एका पोरीनं ह्या गोष्टीची चार चित्रं काढून दिली. मी लेकरांना पहिलं चित्र दाखवलं आणि विचारलं, "ह्यातलं चांगलं कोण आणि वाईट कोण?" अजून गोष्ट सुरू झाली नव्हती. सगळी ओरडली, "चिऊ चांगली! काऊ वाईट!" म्हटलं, कशावरून? एक पोरगं म्हणालं, "काळा हाय की!"

समोर एक सावळी पोरगी बसली होती. तिनं मान खाली घातली. माउली, ही मान खाली जाणं मी बघितलंय म्हणून आज इथं उभा राहून बोलतोय.

हे त्या पोराच्या पोटातून आलेलं नाही. आपण दाखवलेल्या चित्रांतून आलंय. पुस्तकात बघा, टीव्हीवर बघा. राक्षस काळा, दात बाहेर, मिशा जाड. राजकुमार गोरा, राजकन्या त्याहून गोरी. लेकरू अक्षर शिकायच्या आधी हे शिकतं. गोष्ट सांगते की कष्ट कर, खरं बोल. चित्र सांगतं की गोरं ते चांगलं. आणि लेकराच्या ध्यानात कोण राहतं? चित्र राहतं.

मी त्या पोराला रागावलो नाही. समोर गाभाऱ्याकडं बोट केलं. "तो कोण?" "पांडुरंग." "कसला हाय रंगानं?" पोरगं गप्प. मग बारक्या आवाजात म्हणालं, "काळा." आपल्या संतांनी ज्याला सावळा म्हणून हाका मारल्या, ज्याच्यासाठी आपण ऊन-पाऊस अंगावर घेत चालत जातो, तो देव काळा आहे. वारकऱ्याच्या घरात रंगावरून कुणाला नाव ठेवलं तर ते नाव थेट विटेवर जातं.

म्हणून माझा पहिला नेम असा. लेकरांच्या चित्रात चांगला-वाईट तोंडावरून ओळखू येऊ नये. हातानं काय करतोय त्यावरून ओळखू यावा. पुंडलिकाचीच चित्रं घ्या. पहिल्या चित्रात तो बायकोला सुखानं नेतोय आणि म्हातारे आईबाप धुळीतून पायी ओढत चाललेत. शेवटच्या चित्रात तोच पुंडलिक आईबापाचे पाय चेपतोय आणि देव दारात उभा आहे. चित्र काढणाऱ्या पोरीला मी सांगितलं, दोन्हीकडं तोंड तेच काढ बाई, बदलू नकोस. लेकरांनी विचारलं, "महाराज, हा तोच हाय का?" तोच. माणूस तोच, करणी बदलली. आज चुकलेलं पोरगं उद्या पुंडलिक होऊ शकतं, हे ज्या चित्रातून कळतं ते चित्र चांगलं. एकदा वाईट म्हणून काळा रंगवला की त्याला बिचाऱ्याला सुधारायला जागाच राहत नाही.

पुन्हा चिऊकाऊकडं येतो. गोष्ट सांगून झाल्यावर मी दोन चित्रं शेजारी ठेवली. एका चित्रात चिऊ आतून म्हणते "थांब". दुसऱ्यात पुंडलिक देवाला म्हणतो "थांब". दोघंही आपल्या माणसाच्या सेवेत गुंतलेले. दोघांच्याही दारात कुणीतरी उभं. मग पुंडलिकाला आपण भक्त का म्हणतो?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक पोरगी म्हणाली, "पुंडलिकानं उभं राहायला वीट तरी दिली. चिऊनं काहीच दिलं न्हाई."

मी इतकी वर्षं कीर्तन करतोय, मला हे असं सुचलं नव्हतं. पण तेवढ्यात दुसरं एक पोरगं उठलं. शेतकऱ्याचं लेकरू, पाखरं बघितलेलं. ते म्हणालं, "पण महाराज, कावळा चिमणीची अंडी खातो. दार उघडलं असतं तर बाळ खाल्लं असतं." तेही खरंच की! चिऊचं भ्यायचं काही खोटं नाही. दोन्ही बाजूंनी भांडण जुंपलं. शेवटी त्या पोरीनंच निकाल दिला, "दार नको उघडू. पण पोत्याची खोळ तरी बाहेर टाकायची. भिजत कशाला ठेवायचं?"

सांगा, ह्याला संस्कार म्हणायचं का नाही? आपलं घर सांभाळ, पण दारातल्याला भिजत ठेवू नको. हे मी शिकवलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी विसरले असते. त्यांनी ते स्वतः भांडून काढलं. पुढं आषाढात पाऊस लागला, तेव्हा लेकरं एकमेकाला म्हणत होती, "खोळ दे की रं, चिऊ हाईस का?"

दुसरा नेम असा की शेवटचं चित्र झाकून ठेवायचं. माझ्या वयाच्या लोकांनी ‘चांदोबा’ वाचला असंल. मराठीतला चांदोबा 1952 ला सुरू झाला. त्यातला विक्रम राजा आठवतो का? हातात तलवार, खांद्यावर प्रेत. ते चित्र मिटल्या डोळ्यापुढं आजही उभं राहतं. वेताळ गोष्ट सांगायचा आणि शेवटाला काय करायचा? तात्पर्य सांगायचा का? तो प्रश्न विचारायचा. उत्तर राजानं द्यायचं. आपण मात्र गोष्ट संपायच्या आधीच तात्पर्य कोंबतो. दाणा पेरला की लगेच उकरून बघतो, उगवला का म्हणून.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी माय-माउल्यांना पाठ आहे. राजानं दवंडी दिली, महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा, सगळ्यांनी घरचं सगळं दूध घेऊन यावं. धाक बसला. लोकांनी वासरांना पाजलं नाही, लेकरांना दिलं नाही, घागरी आणून ओतल्या. गाभारा भरला नाही. एक म्हातारी होती. तिनं वासराला पाजलं, लेकरा-नातवंडांना दिलं, आणि उरलेलं खुलभर दूध देवाला नेलं. मी इथं चित्र झाकतो आणि विचारतो, आता काय होईल?

बहुतेक लेकरं म्हणतात, राजा म्हातारीला शिक्षा करील. मग मी चित्र उघडतो. गाभारा काठोकाठ भरलाय. लेकरं तोंडाचा आ करून बघतात. का भरला, ते मी सांगत नाही. पुन्हा दुसरं चित्र दाखवतो. वासरू दाव्याला ताणून हंबरतंय, माणूस पाठ फिरवून घागर घेऊन निघालाय. ही दोन चित्रं पुढं असली की लेकराला कळतं. उपाशी वासराचं दूध देव पीत नाही.

एकदा ह्या वासराच्या चित्रावर एक पोरगं म्हणालं, "आमच्या घरचं समदं दूध डेअरीला जातं. मी काळा चहा पितो." देवळात बायामाणसं बसली होती. सगळी गप्प झाली. मी त्या घराला दोष देत नाही. पेंडीचा भाव तुम्हाला माहीत आहे, दवाखाना माहीत आहे, शाळेची फी माहीत आहे. दुधाच्या पैशावर आठवडा निघतो. पण दोन म्हशींच्या दावणीत एका लेकराला वाटीभर दूध ठेवायला काय हरकत आहे? म्हातारीनं तेवढंच केलं होतं. आधी लेकरू आणि वासरू, मग देव, मग डेअरी. लेकरावर संस्कार करायला निघालेली गोष्ट मोठ्यांवरच येऊन बसली. माउली, चांगल्या गोष्टीचं हेच लक्षण. ती फक्त लहानांना लागत नाही.

तिसरं बोलतो. जत्रेत नरकाच्या शिक्षेचे रंगीत तक्ते मिळतात. खोटं बोलला त्याची जीभ ओढतात, चोरी केली त्याला कढईत तळतात. पुष्कळ लोक घरात लावतात. म्हणतात, लेकरं भ्याली की सुधारतात. शेतकऱ्याला मी एकच विचारतो, बुजगावणं किती दिवस चालतं? चार दिवस पाखरं भितात. पाचव्या दिवशी त्याच्याच डोक्यावर बसतात. भ्यालेलं लेकरू खोटं बोलायचं सोडत नाही, ते सापडायचं नाही असं खोटं बोलायला शिकतं. आणि लहान जीव रात्री दचकून उठतो ते वेगळंच. यमाच्या कढईपेक्षा म्हातारीचं खुलभर दूध दाखवा. भीतीनं वाकलेलं झाड भीती गेली की सरळ होतं. मायेनं लागलेलं वळण टिकतं.

मोबाईलचं बोलल्याशिवाय कुणी मला खाली बसू देणार नाही. मोबाईल वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या नातवंडांच्या हातातही आहे, बाजारभाव मीही त्यातच बघतो. पण त्यातलं चित्र थांबत नाही. एक गेलं की दुसरं, दुसरं गेलं की तिसरं. लेकराला विचारायला सवड नाही. आणि त्यानं विचारलं तरी मोबाईल काय म्हणणार? मघाशी मी थांबलेली नजर म्हणालो ती ह्यासाठी. कागदावरचं चित्र थांबतं. लेकरू बोट ठेवतं आणि विचारतं, "हे वासरू का रडतंय?" त्या वेळेला शेजारी आजी पाहिजे, आजोबा पाहिजे, आई पाहिजे. चित्राचं निम्मं काम कागद करतो, निम्मं काम शेजारी बसलेलं माणूस करतं. चांगली चित्रं विकत घ्यायची तर तीही मिळतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून चालू आहे. पण पुस्तक लेकराच्या हातात देऊन आपण उठून गेलो तर निम्मंच काम झालं.

आणि शेवटचा नेम सांगणाऱ्यासाठी. लेकरू आपलंही चित्र बघत असतं. मी देवळात चिऊकाऊची गोष्ट सांगितली आणि घरी दारात आलेल्याला हाकललं, तर माझ्या गोष्टीचं शेवटचं चित्र तेच. ते झाकता येत नाही. दिंडीत आपण एकमेकाच्या पाया पडतो, लहान-मोठं, जात-पात बघत नाही. ते लेकरं बघतात. आणि गावात परत आल्यावर काय करतो, तेही बघतात.

आता दिंडीच्या शताब्दीला माझं मागणं. मंदिराला कळस व्हावा, मंडप व्हावा, आनंदच आहे. त्याबरोबर आपल्या दिंडीची एक चित्रांची पोथी व्हावी. पुंडलिक, चिऊकाऊ, खुलभर दूध, आणि आपल्या गावोगावच्या आज्यांना येत असतील त्या कहाण्या. एका गोष्टीला पाचच चित्रं. चित्रं आपल्याच लेकरांनी काढायची. सुबक नसली तरी चालतील, फक्त काळ्या रंगाला वाईटाच्या कामाला लावायचं नाही. पिंगुळीसारखी सुटी पानं पाठीला पाठ चिकटवायची, कापडात बांधायची आणि वीणेच्या मागं एका पोरानं ती डोक्यावर घेऊन चालायचं. मुक्कामाला हरिपाठ झाला की एक गोष्ट. सांगायचा मान माय-माउल्यांना द्या. शंभर वर्षं त्या टाळाच्या मागं चालल्या. कहाण्या त्यांच्याजवळ आहेत, आपल्याजवळ फक्त माईक आहे.

पोथीतलं प्रत्येक शेवटचं चित्र झाकलेलं ठेवा. मुक्कामाच्या गावातल्या लेकरांनाही बोलवा. विचारा, सांगा बरं, आता काय होईल? उत्तर चुकलं तरी रागावू नका, थांबा. आपला देव अठ्ठावीस युगं थांबलाय, आपल्याला घटकाभर थांबायला काय होतं?